धुरात उमटलेला माणूस

एकशे दहाव्या सेकंदाला सभागृहातल्या तीनशे माणसांनी श्वास रोखला. काहींनी तो नव्वदाव्या सेकंदापासूनच रोखून धरला होता. ते काल आणि परवाही येऊन गेले होते आणि कुठे रोखायचा हे त्यांना पाठ झालं होतं.

भिंतभर पडद्यावर बाजारातलं कापडाचं गोदाम दिसत होतं. खरं गोदाम दीड महिन्यापूर्वी जळून गेलं होतं आणि त्यात गठ्ठे बांधणारे दोन कामगार मेले होते. पडद्यावरचं मात्र आगीच्या आधीचं, धडधाकट होतं. निळसर भिंती, करड्या गठ्ठ्यांच्या रांगा, कोपऱ्यात चहाची खोली. त्या खोलीतल्या स्टोव्हवर एक नारिंगी ठिपका उगवला, ठिपक्याची जीभ झाली, जिभेची ज्वाळा झाली. ज्वाळेने पहिला गठ्ठा चाटला आणि काळा, दाट, मखमली धूर छताला लागून पसरायला लागला.

"आता कुणी बोलू नका," माइकवरून आवाज आला. "खोकला येत असेल त्याने बाहेर जावं. धुराला आवाज खपत नाही."

धूर छतावरून खाली उतरला. गठ्ठ्यांच्या दोन रांगांच्या मधोमध, त्या काळोखात एक फिकट आकृती उमटली. आधी डोकं. मग खांदे. मग पुढे पसरलेला उजवा हात. हाताचा रोख सरळ चहाच्या खोलीकडे.

"आला! आला!"

पुढच्या रांगेतली एक बाई उठली. ती शिवणकाम करायची. मेलेल्या दोघांतला धाकटा तिचा मुलगा. ती पडद्यापाशी गेली आणि तिने त्या फिकट छातीवर तळवा टेकवला. प्रोजेक्टरचा धूर तिच्या पाठीवरून वाहत राहिला. कित्येकांनी डोळे पुसले.

"मी काहीच केलेलं नाही," पांढरा कोट घातलेला माणूस हळव्या आवाजात म्हणाला. "मी निमित्त. चाळीस तास संगणक तपाला बसला होता. त्याला ना भावना, ना भीड, ना नातेवाईक. संगणक खोटं बोलत नाही. आई, तुमचा मुलगा उंच होता का?"

"मध्यम होता."

"मध्यमच! धुरात पाहा, मध्यमच आलाय!"

टाळ्या पडल्या. पांढऱ्या कोटवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. कशाचे, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. गोदामाच्या मालकांनीच त्याला लांबून बोलावून आणलं होतं आणि चौकशी समितीपुढे बसवलं होतं. समितीने पहिल्याच दिवशी त्याचा खेळ पाहिला आणि चौकशी करायचं सोडून दिलं. वर तिकिटं लावली असती तरी सभागृह भरलं असतं.

शेवटच्या रांगेत एक बाई हाताची घडी घालून बसली होती. टाळ्या वाजवायला तिने घडी सोडली नाही. ती बर्नर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. भट्टीच्या आत काय पेटतं ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे संगणकाकडून ज्वलनाचं गणित करून घेतात. संगणक आकडे ओकतो: या खोक्यात इतकी उष्णता, शेजारच्या खोक्यात इतका धूर, अशा लाखो खोक्यांचे. ते वाचून कुणालाच काही कळत नाही. मग ही बाई त्या आकड्यांना रंग द्यायची. किती उष्णतेला पिवळा, किती धुराला काळा आणि किती धुराला रंगच नाही, ते ती ठरवायची. कारखान्यात तिला सगळे रंगारीण म्हणत.

आज ती इथे रजा टाकून आली होती, कारण ती चहाची खोली तिच्या सख्ख्या मावशीची होती. आई गेल्यावर रंगारीण लहानाची मोठी झाली ती याच मावशीच्या चहावर.

बाहेर पडताना तिच्या मागचा गृहस्थ बायकोला म्हणाला, "अशा बाईला भर चौकात उभं केलं पाहिजे." बायको म्हणाली, "आणि मी दोन वर्षं तिच्या हातचा चहा प्यायले हो!" जणू चहातूनही काही लागण व्हायची होती.

मावशीच्या घराच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावलेला होता. काच मंगळवारी फुटली, दुसरी गुरुवारी. तिसरी लावायला काचवाला येत नव्हता.

"बघून आलीस?" मावशीने विचारलं.

"आले."

"मग बस. चहा टाकते." आणि ती उठलीच नाही. दीड महिन्यात तिने घरात स्टोव्ह पेटवला नव्हता. शेजारीण डबा ठेवून जायची, तोही मागच्या दाराने, कुणी पाहू नये म्हणून.

"मावशी, एक सरळ सांग. त्या दिवशी स्टोव्ह बंद केला होतास ना?"

"केला होता. चारला शेवटचा चहा दिला, चावी पिळली, भांडी घासली, घरी आले. आग साडेपाचला लागली."

"मग झालं तर."

"झालं कसं? त्या पोराने हात केला ना माझ्याकडे! मेलेलं माणूस कशाला उगीच हात करेल?"

"मेलेलं माणूस कशालाच हात करत नाही."

"तू शिकलेली आहेस. तुला सगळं सोपं वाटतं." मावशीने पदराने कोरडेच डोळे पुसले. "मला हल्ली आठवायला गेलं की दोन्ही आठवतं. बंद केलेला पण आठवतो आणि तसाच चालू राहिलेला पण आठवतो. पडद्यावर बघितल्यापासून चालू राहिलेलाच जास्त स्पष्ट आठवतो बघ. नारिंगी."

दगड मारणाऱ्यांना उत्तर देता येतं. इथे तर पडद्यावरचा धूर थेट डोक्यात शिरला होता.

मावशीने गादीखालून एक कागद काढला. टाइप केलेला, नीटनेटका. 'माझ्या हलगर्जीपणामुळे स्टोव्ह पेटता राहिला व त्यामुळे दोन जणांचा जीव गेला, हे मी कोणत्याही दबावाविना कबूल करते.' खाली सहीसाठी रेघ.

"शनिवारी समितीची शेवटची बैठक. तिथे सही करायची. सही केली की दगड थांबतील म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"मालक. स्वतः आले होते. बसले नाहीत, पण आले होते."

"आणि सही केल्यावर तुरुंगात कोण जाणार? तेही स्वतःच?"

"दोन पोरं गेली गं," मावशी म्हणाली. "त्यांना रोज दोन वेळा चहा द्यायची मी. माझ्या हातून झालं असेल तर मी जायलाच पाहिजे."

रंगारणीने कागद हातात घेतला, फाडावासा वाटला, फाडला नाही. फाडला तर मालक दुसरा आणणार, तोही न बसता.

समितीचं कार्यालय म्हणजे सभागृहाच्या मागची एक खोली, तीन कपाटं आणि एक कारकून. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?"

"त्या धुराच्या खेळाची मूळ फाइल जमा आहे का?"

"समितीपुढे जे दाखवतात त्याची प्रत जमा होतेच. नियम आहे. डॉक्टर देत नव्हते. म्हणाले, ही साधना आहे, साधनेची प्रत नसते. मी म्हटलं, मग प्रोजेक्टरची चावीही नसते. दिली निमूट."

"मला बघायला मिळेल?"

आता मात्र कारकुनाने मान वर केली. "अर्ज द्यावा लागेल."

"दिला तर?"

"दिला तर मिळेल. न मिळायला काय झालं? तीनशे माणसं रोज पडदा बघायला येतात, फाइल बघायला तुम्ही पहिल्याच."

फाइल चारशे सहा ओळींची होती. चाळीस तासांच्या तपाला बसण्यापूर्वी संगणकाला जे सांगितलं गेलं ते सगळं त्यात साध्या शब्दांत आणि आकड्यांत होतं. रंगारीण ओळीवरून बोट फिरवत वाचत होती. कारकून उगाच कपाट उघडून मिटून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"काय लिहिलंय?"

"सामानाची यादी आहे. भिंत इथून इथपर्यंत. गठ्ठा असा, इतका लांब. सगळं खोक्यांनी बांधलंय, लहान मुलं ठोकळ्यांचं घर बांधतात तसं."

"आणि आग कुठे लागली ते संगणक कसं शोधतो?"

"शोधत नाही." तिने एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर बोट ठेवलं. "ही बघा. आग: स्टोव्हच्या जागी, पहिल्या सेकंदापासून, इतकी मोठी."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे उत्तर आधीच लिहून दिलेलं?"

"उत्तर नव्हे हो, प्रश्न. समजा स्टोव्हवर पेटलं, तर धूर कुठे जाईल? एवढंच विचारलंय. संगणकाने त्याचं उत्तर अगदी इमानाने दिलं. बिचाऱ्याला 'समजा' म्हटलेलं कळतं. तीनशे माणसांना कळत नाही."

ती पुढे वाचत गेली. तीनशेएकाव्या ओळीपाशी थांबली. तिथून चौदा ओळी तिने दोनदा वाचल्या, आणि मग दीड महिन्यात पहिल्यांदाच खो-खो हसली.

"काय झालं?" कारकून दचकला.

"आत्मा सापडला," ती म्हणाली. "चौदा ओळींचा आहे."

शनिवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. कबुली ऐकायला माणसं धुरापेक्षाही जास्त जमतात. मंचावर समितीचे अध्यक्ष, त्यांच्या डाव्या हाताला मालक, उजव्या हाताला पांढरा कोट. समोर एका सुट्या खुर्चीवर मावशी. तिच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या लोकांनी आपणहून रिकाम्या ठेवल्या होत्या. रंगारीण आली आणि त्यातल्या एकीवर बसली.

"ही तिची भाची!" मागून कुणीतरी ओरडलं.

"घरचीच वकिलीण आणली वाटतं!"

"बसवा तिला खाली!"

"बसलेलीच आहे," रंगारीण म्हणाली. "आता उठते." आणि तिने अध्यक्षांपुढे अर्ज ठेवला. जमा असलेल्या पुराव्याबद्दल कुणालाही प्रश्न विचारता येतो, असा नियम होता. तो तिला कारकुनाने दाखवला होता, पान आणि कलमासकट.

अध्यक्षांनी कारकुनाकडे रागाने पाहिलं. कारकून खिडकीबाहेर पाहत होता.

"येऊ द्या, येऊ द्या," पांढरा कोट मधाळ हसला. "अविश्वासाचंही स्वागत आहे. धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो."

"तुम्ही कशाचे डॉक्टर?" रंगारणीने विचारलं.

"ज्ञानाचा."

"दवाखाना कुठे आहे?"

दोन-तीन जण हसले आणि शेजाऱ्यांनी पाहिल्यावर गप्प झाले. तिने आपला संगणक प्रोजेक्टरला जोडला.

"मी भाषण करणार नाही. मला फक्त एवढं सांगा, आग कुठे लागली असं तुम्हाला हवंय?"

"हा काय प्रश्न झाला?" अध्यक्ष म्हणाले.

"साधा प्रश्न आहे. डॉक्टरांच्याच फाइलवरून मी घरी बसून, कारखान्याच्या मोठ्या संगणकांवर पाच आगी लावून आणल्यात. चहाची खोली आहे, विजेचा बोर्ड आहे, जिना आहे, मालकांची केबिन आहे आणि मुतारी आहे. निवडा."

मग मागून एक आवाज आला, "मुतारी!"

सभागृह हसलं. रंगारणीने कळ दाबली.

पडद्यावर तेच गोदाम. मुतारीच्या कोपऱ्यात नारिंगी ठिपका उगवला. ठिपक्याची जीभ झाली, जिभेची ज्वाळा झाली. तोच मखमली धूर त्याच रुबाबात छताला लागला आणि खाली उतरला. एकशे दहावा सेकंद आला. सवयीने तीनशे माणसांनी श्वास रोखला. डोकं उमटलं. खांदे उमटले. उजवा हात पसरला, अत्यंत गंभीरपणे, मुतारीकडे.

या वेळचं हसू वेगळं होतं. सुरू झालं आणि अर्ध्यातच थांबलं.

"आता केबिन," रंगारीण म्हणाली.

केबिन पेटली. हात केबिनकडे.

मालक उठून उभे राहिले. "हा काय पोरखेळ आहे! माझ्या केबिनमध्ये काय पेटणार? मी तर दुपारीच कुलूप लावून गेलो होतो!"

"माझ्या मावशीनेही चारलाच स्टोव्ह बंद केला होता. त्या बंद स्टोव्हवर जे पेटलं तेच तुमच्या केबिनमध्ये पेटवलंय. पडद्यावर पेटायला काहीच लागत नाही, मालक. एक ओळ लिहावी लागते. कुठे पेटलं, ते लिहिणारा सांगतो. संगणक फक्त पुढचं बघतो."

कुजबूज वाढली. पांढरा कोट मात्र डगमगला नाही. त्याने दोन्ही हात वर केले. "मित्रहो! जागा बदलली, आग बदलली, पण काय बदललं नाही? तो आला! हिच्या संगणकातही आला! श्रद्धा नसलेल्या घरीही आला! याहून मोठी प्रचिती कोणती?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी मावशीच्या दिशेने बोट नाचवलं. मावशीने मान आणखी खाली घातली.

"आला ना," रंगारीण टाळ्या थांबल्यावर म्हणाली. "कारण मी त्याला काढला नव्हता."

तिने पुढचं चित्र लावलं. गोदाम रिकामं, आग नाही, धूर नाही. दोन रांगांच्या मधोमध लालभडक ठोकळ्यांचा एक पुतळा. डोक्याला एक खोका, धडाला चार, पायांना सहा, पुढे पसरलेल्या उजव्या हाताला तीन. मान नव्हती. चेहरा नव्हता. एखाद्या मुलाने खेळून तसाच टाकलेला वाटावा, असा.

"हा मापाचा पुतळा. आमच्या धंद्यात असे तयार मिळतात. खोली केवढी आहे ते डोळ्यांना कळावं म्हणून मधे उभा करतात. भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याला माणसाचा हात पोचतो का, ते बघायला हा बनवलेला आहे, म्हणून त्याचा हात पुढे. डॉक्टरांच्या फाइलमध्ये तीनशेएक ते तीनशेचौदा या ओळींत तो आहे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याचा रंग लिहिलाय: अदृश्य."

"मग दिसतो कसा?" पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता.

"तो दिसत नाहीच, बाबा. रंग काढला तरी गणितात तो भरीवच राहतो, दगडासारखा. धूर सगळीकडे भरतो, पुतळ्यात शिरत नाही. तुम्ही जे फिकट पाहता ते कुणी आलेलं नाही. तेवढ्या जागेत धूर नाही, इतकंच. पुतळा वळवला की हात वळतो. मी चार वेळा वळवला. आणि हा बघा काढून टाकल्यावर."

शेवटच्या चित्रात धूर छतापासून जमिनीपर्यंत उतरला. एकशे दहावा सेकंद आला आणि गेला. कुणीच उमटलं नाही.

"पहिल्यांदा दुसऱ्या कुठल्या खेळात चुकूनच राहिला असेल," ती पांढऱ्या कोटाकडे वळून म्हणाली. "चौदा ओळी पुसायचा कंटाळा येतो. मग माणूस नुसता रंग काढतो आणि पुढे जातो. माझ्या हातूनही झालंय. मला साहेबांनी झाडलं. लोक तुमच्या पाया पडले, म्हणून तुम्ही तो पुसला नाही. हात मात्र आठवणीने वळवलात. फाइलमध्ये वळवल्याची तारीख आहे. मालकांनी तुम्हाला इथे आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांच्या नजरा पुढच्या रांगेकडे वळल्या. शिवणकाम करणारी आई मांडीवर हात ठेवून बसली होती. याच एका माणसाकडे पाहायचं रंगारणीने इतका वेळ टाळलं होतं. दगड मारणाऱ्यांच्या हातातलं खेळणं हिसकावून घेताना तिला मजा आली होती. हिच्या हातात मात्र तेवढंच उरलं होतं.

"म्हणजे तो नव्हता," आई म्हणाली.

"नाही, काकू."

आईने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते पहिलं परत लाव. यांचं."

"काकू, कशाला..."

"लाव म्हणते ना."

रंगारणीने डॉक्टरांचा मूळ खेळ लावला. आकृती उमटली. पण या वेळी आई तिच्याकडे पाहत नव्हती. उठून पडद्याच्या उजव्या टोकाला गेली आणि तिथे बोट टेकवलं.

"थांबव. हा धूर इकडून कुठे चाललाय?"

"मागच्या शटरमधून बाहेर."

"ते उघडं आहे?"

"यात उघडं आहे."

"तिथेच सापडला माझा मुलगा," आई म्हणाली. "शटरला टेकून. दोघंही. दोघांच्याही नखांचं रक्त शटरला लागलेलं होतं." ती वळली. "उघडं होतं तर ते बाहेर का नाही आले? सात वेळा बघितलं मी हे. सातही वेळा त्या मधल्या मेल्याकडेच बघत बसले."

शटर उघडं असल्याची ती ओळ रंगारणीनेही वाचली होती. मावशीचा स्टोव्ह आणि चौदा ओळींचा आत्मा यांच्या नादात तिने ती ओलांडली होती. धंदा तिचा, फाइल तिच्या हातात, आणि दार दिसलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईला.

कारकुनाने कुणी न सांगता फाइल उघडली आणि मोठ्याने वाचलं. "ओळ दोनशे बारा. मागचं शटर: उघडं."

"ते... ते तांत्रिक आहे," पांढरा कोट म्हणाला. मध आटला होता. "उघडं ठेवावंच लागतं. बंद ठेवलं की आगीला हवा कमी पडते, ती गुदमरते. नुसता काळा धूर होतो. ज्वाळाच नाहीत. पडद्यावर काही दिसत नाही."

"तसंच झालं होतं," आई म्हणाली. "काही दिसत नव्हतं."

ती पडद्यापासून दोन पावलं पुढे आली.

"शटरची किल्ली कुणाकडे असायची?" आईने विचारलं. डॉक्टरला नाही, अध्यक्षांना नाही. मालकांना.

मालक म्हणाले की हा विषय आजच्या बैठकीत नाही. अध्यक्षांनी घाईघाईने पुढचा कागद ओढला. तो होता कबुलीचा. गोंधळलेल्या माणसाचा हात सवयीच्या कामाकडेच जातो. त्यांनी कागद मावशीपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. "बाई, तुमची तेवढी सही..."

मावशीने कागद वाचला. ओठ हलवत, पूर्ण वाचला. मग पेन उचलून त्याला टोपण लावलं.

"कसली सही? स्टोव्ह मी चारला बंद केला होता," ती म्हणाली. "चावी जाम होती. फडकं धरून पिळावी लागली. अंगठा सोलला होता माझा." तिने अंगठा वर केला. त्यावर काही उरलं नव्हतं, पण अंगठा तिला आठवला होता.

आणि मग घडायचं तेच घडलं. गर्दी बिनदेवाची पाच मिनिटंही राहू शकत नाही. "ताई, मग तुम्हीच सांगा, आग कुठे लागली?" एकजण म्हणाला. "हो, तुमच्या संगणकावर दाखवा!" "ताईंचा संगणक खरा!" मघाशी 'बसवा तिला खाली' म्हणणाराच आता तिच्यासाठी खुर्ची घेऊन येत होता. कुणी तिच्या पायांकडे वाकायच्या बेतात होतं.

"पाय सोडा!" रंगारीण खेकसली. "आग कुठे लागली ते मला माहीत नाही."

"अहो, संगणकाला तर..."

"त्यालाही माहीत नाही. तो तिथे नव्हता!" तिचा आवाज चढला. इतक्या दिवसांचा राग आता कुठे बाहेर पडत होता. "दीड महिना झाला, तुमच्यातला एक तरी माणूस जळालेलं गोदाम बघून आलाय? इथून तीन मिनिटांवर आहे! भिंतीवर काजळी आहे, वितळलेल्या तारा आहेत, शटर आहे, शटरला कुलूप आहे. पहिल्यांदा पोचलेले बंबवाले आहेत, त्यांना कुणी काय पाहिलं ते विचारलंय? नाही. तुम्ही अंधारात बसून चित्र बघितलंत आणि उजेडात येऊन एका बाईच्या काचा फोडल्यात. मी रोज अशीच चित्रं काढते. चांगली असतात, उपयोगी असतात. आधी जागेवर जाऊन मोजून आणलं, तर गणित आपलं कुठे चुकलं ते दाखवतं. न मोजता केलं, तर आपल्याला हवं तेच दाखवतं, आणि फार सुंदर दाखवतं. उद्या मी काही दाखवलं तरी मला विचारा, यात तू आधी काय लिहिलंस? नाही सांगता आलं तर मलाही हाकला."

हे कुणालाच फारसं आवडलं नाही. चमत्कार गेल्याचं दुःख होतंच, त्यात वर ओरडून घ्यावं लागलं. पांढरा कोट बाजूच्या दाराने निघून गेला, प्रोजेक्टरची वायर आठवणीने घेऊन. मालकांना घाम पुसायला रुमाल पुरेना.

शिवणकाम करणारी आई मावशीजवळ आली. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. माफी कुणी मागितली नाही, दिलीही नाही. आई एवढंच म्हणाली, "चल. शटर बघून येऊ. मला एकटीला जमायचं नाही."

मावशी उठली. रंगारीण निघाली, कारकून फाइल आणि मोजपट्टी घेऊन निघाला, मघाचा म्हातारा निघाला. मोजले तर तीनशेंतले चाळीसएक जण त्यांच्या मागे उन्हात चालत गेले. बाकीचे खुर्च्यांवर बसून राहिले आणि एकमेकांना विचारत होते, पुढचा खेळ किती वाजता आहे.

गोदामाच्या मागच्या बाजूला काळं पडलेलं शटर जागच्या जागी होतं. कुलूप बाहेरून लावलेलं होतं. त्याला कुणी हात लावला नाही. कारकुनाने तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं लिहून घेतली आणि चाळीस जणांनी एकेक करून, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून, खाली सही केली.